चंपतनं उसवलेली कॉलर

प्रिय शाम,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझी मनकर्णा भाजीला निघाली आहे, तिच्याच हाती पाठवते. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

हर्षाली काल संध्याकाळी माझ्याकडे आली ती नौदलाचा पांढरा गणवेश घेऊन. पँटचे रुंद पाय तू चंपत टेलरकडून अरुंद करवलेस आणि शर्टाची निळी कॉलर त्याच्याकडूनच उसवून घेतलीस. का, तर रविवारी मुलाकडचे तिला गणवेशात बघणार, आणि मुलाच्या आईनं, त्या मालनबाईनं, फोटो बघून म्हटलं होतं, "काऊन जी, एवढ्या मोठ्या पोरीच्या गळ्यात लेकराचं लाळेरं काऊन बांधलं?" बस, तेवढ्यावर तुझी कात्री चालली! आज सकाळी मी चंपतला दुकानात जाऊन झापलं, तर तो म्हणतो, "बाई, सायबांनी सांगतलं तसं केलं. पँट तर पार जुन्या फॅशनची होती, म्या चांगली करून देल्ली." त्याचं काय चुकलं? आदिलाबादेत नौसैनिकाचे कपडे त्यानं कधी पाहिले असणार! पण तू तर पोरीचा बाप. तिच्या नोकरीच्या साडेतीन वर्षांत तिला एकदा तरी विचारलंस, की बाई, हे असं का?

मी विचारलं. मला वाटायचं, मला सगळं ठाऊक आहे. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात आम्हा मुलींना तशीच कॉलर होती, तिच्यावर तीन पांढऱ्या रेघा. आम्ही कोणी समुद्र पाहिला नव्हता, पण सिस्टर सांगायच्या, या रेघा म्हणजे एका इंग्रज सेनापतीचे तीन विजय. पुढे एकतीस वर्षं मी हेच मुलांना इतिहासाच्या तासाला सांगितलं. काल हर्षाली हसली. म्हणाली, "आत्या, ही नुसती गोष्ट आहे. सगळ्यांच्या कॉलरी सारख्या दिसाव्यात म्हणून रेघा ठरवल्या, एवढंच." या वयात चूक कबूल करायला जड जातं, पण केली.

कॉलरीचं कारण मात्र साधं आहे. जुन्या काळी खलाशी लांब वेणी ठेवत आणि तिला डांबर लावत. अंगरखा मळू नये म्हणून पाठीवर कापड घेत, असं म्हणतात. गळ्यातला काळा रेशमी रुमाल कोणी दुखवट्याचा समजतं. तो मुळात घाम पुसायचा, डोक्याला बांधायचा. पँट रुंद, कारण जहाजाचा डेक धुताना ती गुडघ्यापर्यंत गुंडाळता यायला हवी, आणि माणूस पाण्यात पडलाच तर बुटांवरून झटक्यात काढता यायला हवी. आणि तू ती घोट्याशी आवळलीस! लाळेरं म्हणे. शेकडो वर्षं माणसं दोरखंड ओढता ओढता जे शिकली, ते त्या कपड्यात शिवलेलं आहे. मालनबाईला आवडावं म्हणून ते उसवायचं नसतं.

कपड्याची चिंता करू नकोस, तिकडे दुसरा मिळेल. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हर्षाली रडली नाही, भांडली नाही. गणवेश मांडीवर घेऊन म्हणाली, "बाबांनी प्रेमानंच केलं, आता त्यांना काय बोलू?" मग हळूहळू कळलं, की नोव्हेंबरात तिची नौदलातली चार वर्षं संपतात, थोड्यांनाच कायम ठेवतात, त्यासाठी या आठवड्यात अर्ज करायचा आहे, आणि ती तो करणार नव्हती. का, तर तू मालनबाईला शब्द देऊन बसलास, "नोव्हेंबरात पोरगी घरी येते, मग नोकरी-बिकरी काही नाही." तिला न विचारता.

शाम, मला नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागली होती, हे तुला आठवत नसेल. तू सातवीत होतास. "मुलगी येऊ शकत नाही" असं बाबांनी परस्पर कळवलं. मला तीन महिन्यांनी समजलं. तेही प्रेमानंच केलं होतं. मी त्यांना एक शब्द बोलले नाही आणि आयुष्यभर सगळ्या गावाला बोलत राहिले.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. काल रात्री हर्षालीनं माझ्या टेबलावर बसून अर्ज भरला आणि पाठवला. निवड होईल की नाही, ते तिच्या कामावर ठरेल. आज सकाळी मी तिला गाडीत बसवलं. हैदराबादहून पुढे विशाखापट्टणम. तुझ्या तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून "आत्या, तू सांग" म्हणाली. या पत्राचं कारण तेवढंच. मनकर्णावर ओरडू नकोस. पोरीची आई आहे ती, बॅग तिनंच भरून दिली, वर शेंगदाण्याची चटणीही. रविवारी मालनबाईला खरं काय ते तू सांग. तुला जमत नसेल तर मी येऊन बसते, मला चांगलं जमेल. पण त्याआधी पोरीला फोन कर. अर्जाचं काढू नकोस. खिडकीची जागा मिळाली का, जेवलीस का, एवढंच विचार. ती फोन हातात धरून बसली असेल.

तुझीच,
चारूताई