शिडी मजबूत होती

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिड्या बनवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जबरदस्ती कोणाचीही नाही. उलट मुलीने आणि वकीलसाहेबांनी परोपरीने सांगितले, की घर कोणाला आणि ठेव कोणाला एवढेच लिहा आणि मोकळे व्हा. मोकळे व्हायचे आहे, म्हणूनच सगळे लिहितो.

१. राहते घर, वरच्या दोन खोल्यांसह, माझ्या एकुलत्या एका मुलीला. बँकेतली ठेवही तिलाच. स्वयंपाकघराची खिडकी ओल्या हवेत फुगते. ती ओढू नये, खालून जरा उचलून उघडावी.

मुलीला आणखी एक सांगायचे आहे. ती नऊ वर्षांची असताना मैत्रिणीचे खोडरबर घेऊन घरी आली होती. मी तिला हाताला धरून मैत्रिणीच्या घरी नेले आणि सगळ्यांसमोर कबूल करायला लावले. परत येताना ती रडत होती आणि मी तिला समजावत होतो, की चूक लपवली की दुप्पट होते. कलम ३ मध्ये जे लिहिले आहे ते घडून तेव्हा चारच महिने झाले होते. बेटा, वाक्य खरे होते. सांगणारा खोटा होता.

२. रंधे, पटाश्या, करवती आणि मोठा शिकंजा मागच्या गल्लीतल्या सुताराला. अट एकच. शिडीला रंग देऊ नये, नुसते तेल पाजावे. रंगाखाली भेग दिसत नाही. त्याला हे माहीत असेलच. मलाही माहीत होते.

३. एकतीस वर्षांपूर्वी शाळेच्या इमारतीचे रंगकाम निघाले. रंगारी माझ्याच वयाचा, चांगल्या ओळखीचा. त्याला तीन दिवसांत उंच शिडी हवी होती आणि मी हो म्हणून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी पाहिले, तर वरून चौथ्या पायरीतल्या गाठीपासून भेग गेलेली. पायरी बदलायची तर आणखी एक दिवस गेला असता. मी भेगेत लांबी भरली, घासून घेतली आणि अख्ख्या शिडीला हिरवा रंग दिला. नवरीसारखी सजवलीस की, असे म्हणत रंगारी ती खांद्यावर टाकून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पायरी तुटली आणि तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून फरशीवर आला. मी पोहोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेले होते. पायरीचे दोन तुकडे मी पिशवीत घातले आणि घरी आणून भुशाबरोबर जाळले.

चौकशीला साहेब आले. शिडी कशी होती, असे त्यांनी मला विचारले.

"शिडी मजबूत होती, साहेब," मी म्हणालो. "माणूस डळमळीत होता."

म्हणजे काय, असे त्यांनी विचारल्यावर मी अंगठा तोंडाकडे नेला. दारूचे नावही काढले नाही. बाजूचे दोघे हसले. मला वाक्य चांगले जमल्याचे समाधान वाटले.

रंगारी थेंबालाही शिवत नसे. खाटेवरून तो ते सांगत राहिला. लोक म्हणाले, प्यालेला कधी कबूल करतो का? माझे वाक्य मात्र चहाच्या टपऱ्यांवर फिरले. त्याचा पाय आखूड झाला आणि पिणाऱ्याला घरात कोण घेणार, म्हणून घरांची कामे बंद झाली. तो गाड्यांच्या पाट्यांवर आकडे रंगवू लागला.

माझे नाव वाढत गेले. भावाभावांची वाटणी अडली, सासू-सुनेचे फाटले, की मला बोलावणे येई. काय चूक, काय बरोबर, हे मी खुर्चीत बसून सांगत असे आणि लोक ऐकत. मला वाटे, पुढे इतके नीट वागावे की मागचे झाकून जाईल. म्हणजे पुन्हा रंगच.

४. लाकूडवाल्याने मला फसवून खराब माल दिला, असे मी बायकोजवळ आणि जगाजवळ सांगत आलो. तो वारला तेव्हा गेलो नाही. खरे असे, की गाठ त्यानेच दाखवली होती आणि पायरीला हे वापरू नकोस म्हणाला होता. हा आरोप मी मागे घेतो. त्याच्या मुलांना हे कलम दाखवावे.

५. गेल्या महिन्यात मी रंगाऱ्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. मला वाटत होते त्याला ठाऊक असणार, फक्त तो बोलत नसणार. त्याने ब्रश खाली ठेवला.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी तो एका लग्नाला गेला होता. तिथे सरबत घेतले, त्यात कोणी काही मिसळले असेल का, याचा तो एकतीस वर्षे विचार करत होता. इतके लोक म्हणतात, तर असेलही, इथवर तो आला होता.

"बायकोनंही मानलं होतं रे," तो म्हणाला. "तोंडानं कधी बोलली नाही. पण मी बाहेरून आलो, की जवळ येऊन वास घ्यायची. मरेपर्यंत."

मी घर देऊ केले. आता तिला सांगता येणार आहे का, एवढेच त्याने विचारले. नंतर म्हणाला, की लिहिणार असशील तर साक्षीला मी येतो. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले होते. ते मी त्याला सांगितले. मग मला काही देऊ नकोस, तो म्हणाला. म्हणून त्याच्या नावे या मृत्युपत्रात काहीही नाही. त्याने मला माफ केलेले नाही आणि मी मागितलेही नाही.

लांबी भरली ती चूक होती. अंगठा उचलला ते पाप. हा फरक मला आयुष्यभर कळत होता, फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत.

६. माझ्यामागे जमलेल्या लोकांसमोर, कोणी चार चांगले शब्द बोलण्याआधी, कलम ३ आणि ५ मुलीने मोठ्याने वाचावे. तिला जड गेले तर वकीलसाहेबांनी वाचावे. वगळू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. खाली सही करतो.

(सही) शिडीवाला
स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ मार्च, सकाळी अकरा

साक्षीदार पहिला : शेजारी, निवृत्त पोस्टमन. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.
(सही)

साक्षीदार दुसरा : रंगारी. माझ्यासमोर सही केली. मी सगळं वाचलं. मी त्या दिवशी प्यायलेलो नव्हतो.
(सही)