शाळा सुटताना टँकर बंद

बाई, आपल्या शाळेसमोरचा रस्ता आता शाळा भरताना आणि सुटताना टँकर-ट्रकना बंद आहे. फाटकासमोर रस्ता उचलून फूटपाथच्या उंचीला आणलाय. पोरं खाली न उतरता सरळ पलीकडे जातात आणि गाड्यांना चढ घेत हळू यावं लागतं. हे मी केलं. एकटीने नाही, पण मी लावून धरलं नसतं तर झालं नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

आमच्या वेळी तिथे ना सिग्नल होता, ना पट्टे. मुलुंडच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक फाटकाला खेटून जायचे. शाळा सुटली की तुम्ही पदर कमरेला खोचून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या. एक दुपार अजून डोळ्यासमोर आहे. मी चौथीत आहे. पलीकडच्या बोरं-चिंचांच्या गाडीकडे बघत तुमचा हात सोडून धावते. ब्रेक किंचाळतो. ट्रकवाला डोकं बाहेर काढून शिव्या घालतो. तुम्ही आधी माझ्या पाठीत धपाटा घालता आणि मग ट्रकच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहता. "इंजिन बंद कर. सगळी पोरं जाईपर्यंत चावी फिरवायची नाही." तो ओरडतो, "रोड क्या तुम्हारे बाप का है?" तुमचा आवाज जराही चढत नाही. "नाही रे बाबा. माझ्या बापाचा नाही, आणि तुझ्या बापाचा पण नाही. म्हणून तर थांब म्हणते." त्याने खरंच इंजिन बंद केलं. मराठी त्याला किती कळली देव जाणे.

दहावीनंतर बाबांची कंपनी बंद पडली आणि मी दुकानात कामाला लागणार असं घरात ठरलं, तेव्हा तुम्ही मला भांडुपच्या घरी बोलावून घेतलंत. तव्यावर घावणे होते. माझ्या ताटात एक संपायच्या आत दुसरा पडत होता. तुम्ही मागे न वळता म्हणालात, "डिप्लोमाला जा. सिव्हिल घे." मी म्हटलं, "मुली कुठे घेतात सिव्हिल?" "तू घे. मग घेतात असं होईल." बाबांशी तुम्हीच बोललात. काय बोललात ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण दुकानाचा विषय परत निघाला नाही.

आता मी वॉर्ड ऑफिसात रस्त्यांची इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी नातवाला घ्यायला आलेल्या एका आजींना फाटकासमोरच टँकरने उडवलं. वाचल्या, पण मांडीत रॉड घालावा लागला. लोक रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे आमच्याकडे फाईल हलली. ठरत होतं काय, तर फाटकाला आडवं रेलिंग आणि वरून पादचारी पूल. मी साहेबांना विचारलं, "त्या आजी एवढे जिने चढणार?" ते म्हणाले, "मग गाड्यांनी जायचं कुठून?" म्हटलं, "तिथूनच. हळू." साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "महिनाभर करून बघा. बोंब झाली तर मी नाही."

बोंब झालीच. शाळेच्या हॉलमधल्या बैठकीत समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले, "मॅडम, फूटपाथवरून काढून गाड्या काय डोक्यावर लावू?" मी म्हटलं, "आत लावा. तुमच्या सोसायटीचा नकाशा मी बघितलाय, फूटपाथ त्यात नाही." मागे बसलेल्या आया हसल्या. आम्ही रबरी गतिरोधक ठोकले, प्लास्टिकचे खांब लावले आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण वाट लागली. पुढच्या नाक्यापर्यंत रांगा. साहेबांचा फोन, "काढून टाका ते सगळं." मी म्हटलं, "शाळा सुटताना एकदा या. तेव्हाही हेच म्हणालात तर मी स्वतः काढते."

ते आले. घंटा झाली, पोरांचा लोंढा बाहेर पडला आणि दोन्हीकडच्या गाड्या आपणहून थांबल्या. त्यातच त्या आजी वॉकर टेकत निघाल्या. अर्ध्या रस्त्यात थांबून त्यांनी नातवाला झापलं, "नाडी बांध आधी. पडशील मेल्या!" मागून एकाने हॉर्न दाबला. साहेबांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो काच वर करून बसला. जाताना एवढंच म्हणाले, "त्या टोकाला वॉकर अडकतोय. पक्कं काम करताना तिथे उतार द्या." मी ऐकला तो फक्त 'पक्कं' हा शब्द.

सगळं सुटलंय असं नाही. टँकर आता मागच्या गल्लीतून जातात आणि तिथल्या बायका परवा माझ्या टेबलाभोवती उभ्या राहून भांडून गेल्या. बरोबर आहे त्यांचं. मंगळवारी गल्ली बघायला जातेय, साहेबांनाही घेऊन. ते कुरकुरतील, पण येतील.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर पुढचं मी लिहिलंच नसतं. एवढे रस्ते आखते, पण मोठा रस्ता एकटीने ओलांडायची वेळ आली की मी आजही एखादी वयस्कर, ठाम चालणारी बाई शोधते, गुपचूप तिच्या बाजूला जाऊन उभी राहते, आणि ती निघाली की निघते.