प्रफुल्लच्या नावाचा फॉर्म

पुणे,
४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
तृप्तीचा सविनय जयभीम, वि.वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या खोलीतल्या मुली दार वाजवतात, म्हणून पुन्हा पत्र. तीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वाटलीत, आता स्वतःचीही घ्या.

बातमी अशी की डिसेंबरात आम्ही अकरा जण पुण्याहून नागपूरला सायकलने जाणार आहोत. सातशे किलोमीटरच्या वर आहे. सिकलसेलच्या तपासणीसाठी एक गाडी घ्यायची आहे, ती आपल्याकडच्या गावांत फिरेल. त्यासाठी प्रत्येकाने ओळखीच्यांना गाठायचे. मी चालवलेल्या किलोमीटरमागे कुणी आठ आणे द्यायचे, कुणी रुपया. ऑफिसातून नावे येत आहेत, पण आपल्या गावातून चार आली तर मला जास्त बरे वाटेल. फॉर्म सोबत आहे. ‘कोणाच्या आठवणीत’ या रकान्यात मी प्रफुल्लदादाचे नाव घातले आहे.

इथे रविवार काही केल्या सरत नाही. सायकलवर निदान पाय तरी चालू असतात. गुडघ्याला तेल लावता ना?

मायेने चार ओळी धाडा.
तुमची तृप्ती

बोडीटोला, ता. साकोली,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. तृप्तीस,
बाबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तेल लावतो. लावून द्यायला कोणी नाही, म्हणून एकाच गुडघ्याला पुरते.

तुझा फॉर्म घेऊन चार दिवस फिरलो. धानकापणी चालू, त्यामुळे माणसे घरी सापडत नाहीत. बांधावर जाऊन गाठली. नत्थूने विचारले की पोरगी सायकल चालवून राहिली, तर पैसे आम्ही काहून द्यायचे? भय्याजींना वाटले की तुझ्याकडे गाडीच्या पेट्रोललाही पैसे उरले नाहीत. त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. तरी तेवीस नावे झाली, पैसेही लोकांनी आधीच हातात ठेवले. पोस्टमनला अजून कोणी दारातून हाकलत नाही. खरे सांगू का, तेवढ्या निमित्ताने तेवीस घरी बसायला मिळाले. तुझी आई गेल्यापासून मी इतका बोललो नव्हतो.

एक सांगायचे राहिले. आजाराचे नाव मी कावीळ सांगितले. प्रफुल्ल काविळीने गेला असेच आपण सगळ्यांना सांगत आलो, आता वेगळे कसे सांगू? तुझ्या आईने मला बजावले होते की पोरीची सोयरीक होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. सिकलसेलचे घर म्हटले की पाहुणे उंबऱ्यावरूनच परत जातात.

जपून राहा, आणि म्हाताऱ्यावर रागावू नको.
तुझे बाबा

पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि.वि.

रागावले. दोन दिवस पत्र लिहिले नाही ते त्यामुळेच.

बाबा, माझ्या सोयरिकीची काळजी सोडा. माझ्या रक्तात तो दोष अर्धा आहे, हे मी मुलाला चहा येण्याआधीच सांगते. तिघे चहा न पिताच गेले. चौथा थांबला तर कळवीन. पण दादा कशाने गेला हे मला माझ्या गावात बोलता येत नाही, म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीतही तिकडे येत नाही. आल्यावर शेजारच्या शकुंतलामावशी त्याची आठवण काढतात आणि मला खोटे बोलावे लागते.

काविळीच्या नावावर दिलेले पैसे मी घेणार नाही. लोकांना खरे सांगा, नाहीतर ज्याचे त्याला परत करा. दादाचे नाव खऱ्या आजारासह फॉर्मवर नसेल तर मी सायकलवर बसणार नाही, हे नक्की.

तुमच्यावर माया आहे म्हणूनच इतके लिहिले.
तृप्ती

बोडीटोला,
२ डिसेंबर २०२४

चि. तृप्तीस,
बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

सांगितले. कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभा राहिलो. प्रफुल्लला सिकलसेल होता, मी तुमच्याशी खोटे बोललो, ज्याला पैसे परत हवे त्याने घरी यावे, एवढेच बोललो आणि खाली बसलो.

पैसे कोणी परत मागितले नाहीत, पण चहालाही कोणी बोलावले नाही. चार दिवस दारात माणूस फिरकला नाही. मी दोन वेळचा भात एकदाच रांधून खात होतो आणि तुझ्यावर मनातल्या मनात चिडत होतो.

पाचव्या दिवशी शेजारच्या शकुंतलाबाई आल्या. हळू बोलत होत्या, मला काही कळेना. शेवटी अंगणात उभे राहून त्यांना मोठ्याने सांगावे लागले, आणि ते नत्थूच्या घरापर्यंत गेले असेल. त्यांच्या शुभांगीलाही तोच आजार आहे. लहानपणापासून पायाचे दुखणे म्हणून घरात ठेवले. दुखणे उठले की पोरगी विव्हळायची, तेव्हा त्या रेडिओ मोठा करायच्या. प्रफुल्लच्या वेळी आपणही तेच करायचो. दोन्ही घरांनी रेडिओवरून एकमेकांना किती बोल लावले, तुला आठवत असेल.

शुभांगीची तपासणी, औषधे कुठे होतात ते त्यांना हवे आहे. तू आलीस की तिला घेऊन भंडाऱ्याला जा. नागपूरपर्यंत सायकलने येतेसच, पुढे बसने ये.

निघताना त्या आणखी एक बोलल्या. प्रफुल्ल गेला त्या दिवशी त्या आपल्या दारात बसून ढसाढसा रडल्या होत्या. मी त्याला शेजारधर्म समजलो. पोरी, त्याचा आजार त्यांना तेव्हाच कळला होता. शुभांगी सात वर्षांची होती, आणि तिचेही डोळे तसेच पिवळे व्हायचे. तेरा वर्षे आम्ही दोघे एका भिंतीला पाठ लावून एकएकटे बसलो होतो.

वाट पाहणारे,
तुझे बाबा