पोटातल्या बाळाची पाचवी

रेवदंडा

प्रिय दिपालीताई,

फोनवरच बोलले असते, पण आमच्या बाळाचा विषय निघाला की तुझ्याकडे एक तर कुकरची शिट्टी होते नाहीतर रेंज जाते. तुमच्या न्हावा शेव्याला रेंजचे एवढे हाल असतात हे मला तुझ्यामुळेच कळलं. म्हणून आता पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही, वाचावंच लागेल.

आधी गोड बातमी. काल तुझ्या भाचीनं मला लाथ मारली. अशी सणसणीत की हातातली वाटी उलटून सगळं दूध माझ्या मांडीवर. रागवायचं सोडून मी ओरडून आईला बोलावलं, विनेशला बोलावलं. आई सुकट पाखडायचं सूप तसंच टाकून धावली, विनेश जाळ्याची दुरुस्ती टाकून आला, आणि आम्ही तिघं पाळण्याभोवती उभे राहून आणखी एक लाथ मार, आणखी एक मार म्हणत त्या पोरीच्या विनवण्या करत बसलो. तोवर सुकट मांजरीनं खाल्ली. आईनं मांजरीला शिवीसुद्धा दिली नाही, यावरून ओळख.

या लाथेसाठी आम्ही काय केलं ते तुला नीट कोणी सांगितलेलं नाही. तू ऐकूनच घेतलं नाहीस. पाचव्या महिन्यात अलिबागला सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई एकाच जागी पुन्हा पुन्हा बघायला लागल्या. मग आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की बाळाच्या पाठीचा कणा खालच्या बाजूला मिटलाच नाही, आतल्या शिरा उघड्या पडल्यात. पाय लुळे पडू शकतात, डोक्यात पाणी होऊ शकतं. तुझ्या बाळाला जे होतं तेच, ताई. तुला यातलं प्रत्येक अक्षर पाठ आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, एक उपाय आहे, बाळ पोटात असतानाच ऑपरेशन करायचं. माझं पोट उघडायचं, गर्भाची पिशवी उघडायची, बाळाची पाठ तेवढी समोर घेऊन शिवायची आणि सगळं पुन्हा बंद करायचं. बाळानं उरलेले महिने आतच वाढायचं. धोका दोघांनाही. बाळ फार लवकर जन्मू शकतं, जाऊही शकतं. आणि एवढं करून पाय पूर्ण बरे होतीलच, असा शब्द ते देईनात. भर वादळात सुकाणू न सोडणारा तुझा भाऊ तिथे खुर्चीचा दांडा धरून बसला होता. मला म्हणाला, तू म्हणशील ते. मला फार भीती वाटली. पण तेव्हा तूच डोळ्यांपुढे आलीस. तुला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे, हेच इथे कोणाला ठाऊक नव्हतं. मला विचारत होते, मग मी नाही कशी म्हणू? मी हो म्हटलं. निम्मं माझ्या बाळासाठी आणि निम्मं तुझ्या.

मग डॉक्टरांनी आईला विचारलं, आजी, तुम्हाला काही शंका? मला वाटलं, आई माझ्या जेवणाखाण्याचं विचारेल. तिनं विचारलं, साहेब, पोटुशी बाई गरानात मासली कापाय बसली त पोराला असा व्हतं का? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. दिवस गेलेत हे बाईला धड कळायच्या आधीच कण्याचं हे होऊन गेलेलं असतं. आईच्या हातून काहीही चुकलेलं नसतं.

आई बरं म्हणाली, पदर सारखा केला आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मी शेजारी बसले तर माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, होरी भरून बांगडा आलेला, खारवायला माणूस न्हाय, म्या सवता गरानात दिपालीच्या हातात विली दिली. न पोर गेल्यावं चार बायांत दोषपन तिलाच दिला. आणि रडली. अख्ख्या बंदरावर जिच्या आवाजाला पुरुष वचकतात ती नीराबाई दवाखान्याच्या बाकावर हमसून हमसून रडली. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. दोन्ही तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, व्हय, बोल तू.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी आधी हात पोटावर नेला, तर नर्सनं तो हळूच धरला आणि मशीनवर ठोके ऐकवले. धाड धाड धाड, आपल्या होडीच्या इंजिनासारखे. डॉक्टर विनेशला सांगत होते की आतलं पाणी कमी झालं, म्हणून कोमट मिठाचं पाणी भरलंय. आई दारातूनच म्हणाली, खारा पानी? मंग भ्यायचा कनाला! कोल्याचा पोर खाऱ्या पान्यात न्हाय जगनार त कुठं? टाके दुखत असतानाही मी हसले आणि नर्सची बोलणी खाल्ली.

आता खरी गंमत ऐक. मला मुंबईतच झोपून राहायचं होतं. आई मात्र भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसमार्गे घरी गेली आणि ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, तिनं चक्क पाचवी पुजली! पाटा मांडला, वरवंट्याला कुंकू लावलं, कोरा कागद, पेन, सगळं. बाळ माझ्या पोटात, मी मुंबईत, आणि सटवाईला आवतण रेवदंड्याचं. शेजारची जनी हसून हसून लोळली. पोर पोटात न पाचवी घरात, म्हणाली. आईनं तिला ऐकवलं की पोराच्या पाठीनं उजेड बघितलाय, डॉक्टरनी पयला लिव्हलेला पुसलाय, आता कपाळ कोरा हाय, सटवाईला आजच बोलवायची. मग जनीनंच गुपचूप उदबत्ती लावली म्हणे.

आणि सटवाईनं काय लिहिलं ते बघच तू! दिवस भरत आले तेव्हा सिझर करून मुलगी झाली. बाहेर येताच तिनं डॉक्टरांच्या हातावर पाय झाडला. डोक्यात पाणी नाही. पाठीवर एक वण आहे, बोटभर लांब, गुलाबी. डावा पाय अजून आळशी आहे, चालायला उशीर होईल, कदाचित पट्ट्यांचे बूट लागतील. पण चालेल, ताई! डॉक्टर म्हणाले, चालेल. मग खरी पाचवी आली तेव्हा आई म्हणाली, सटवाईला परत कनाला दमवायची? पण लोकांसाठी तीही केली, कोळंबी वाढवून.

आता ही एवढी लांबण कशासाठी लावली ते सांगते. पावसाळी मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात गेल्या की लगेच बारसं करायचंय. पुढे ढकलत ढकलत आणलंय, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणते, माझा हात पाळण्याला नको. माझ्या लग्नातही तू मांडवाच्या मागे उभी होतीस, मी पाहिलं होतं. तुझ्या लेकीसाठी तू मनात धरलेलं नाव तिचंच आहे, ते मी मागत नाही. दुसरं आण, तुला आवडेल ते. आईनं सांगितलंय, लिव्ह, माझा चुकला, तिचा न्हाय. स्वतः यायला निघाली होती, पण दारात येऊन तू दार लावलंस तर काय, म्हणून घाबरली. तुझ्या हातात काही वाईट नव्हतं ताई, कधीच नव्हतं. तोच हात हिच्या पाठीवरच्या वणावरून एकदा फिरव. तू येईस्तोवर हिला नाव नाही. बंदरावर कोणी विचारलं, नीराबाई, नातीचं नाव काय, तर आई मान ताठ करून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगते, दिपालीची भाची.

वाट पाहणारी, तुझीच वहिनी,
किशोरी