एकटीसाठी कयाक

बाबा, तुम्हाला समुद्र माहीत नव्हता, म्हणून आधी थोडं सांगावं लागेल. कयाक म्हणजे एका माणसाची प्लास्टिकची होडी. वरून उघडी, पिवळीजर्द, मध्ये बसण्यापुरता खळगा. हातात एकच लांब वल्हं, दोन्ही टोकांना पातं असलेलं. कोकणात किनाऱ्यावर ती तासाच्या भाड्याने मिळते, आपल्या शेलूबाजारला पूर्वी सायकल मिळायची तशी. सोबत माहीतगार माणूस घ्या, नाहीतर किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने जाऊन या. मला एकटीने जायचं होतं. एवढीच इच्छा होती, आणि ती इतक्या लोकांना समजावून सांगावी लागली की शेवटी मलाच ती विचित्र वाटायला लागली.

मी एकसष्ट वर्षांची आहे. आजवर मला कुणी कुठे एकटं पाठवलेलं नाही. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जाताना तुम्ही एसटीच्या कंडक्टरला सांगायचे, "पोरीकडे ध्यान ठेवजा भाऊ." सासरी गेल्यावर सासूबाई बाजारालाही कुणीतरी सोबत द्यायच्या. वाशिमला शाळेत नोकरी लागली तर शेजारच्या बाई बरोबर असायच्या. नवरा होता तोवर तो असायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि ती जागा तुमच्या नातवाने घेतली. तो पुण्याला असतो, दिवसातून दोनदा फोन करतो, गोळ्या विचारतो. चांगला मुलगा आहे. त्यानेच मला कोकणात नेलं. पण मी कयाकचं नाव काढलं आणि तो हसला. "आई, तू काठावर बस ना. मी फिरवून आणतो तुला, दोघांची असते ती घेऊ." मी म्हटलं, मला दोघांची नको. "वाशिमच्या बाईला समुद्र चढला बहुतेक," असं तो सुनेला म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सकाळी साडेसातला मी भाड्याने देणाऱ्याकडे गेले. पन्नाशीचा माणूस, उघडा, गळ्यात शिट्टी, सुरूच्या झाडाखाली कयाक पालथ्या घालून बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, बरोबर कोण आहे ते शोधायला. "एकट्याच?" "एकटीच." "घरच्यांनी सोडल्यानी?" मी म्हटलं, मी सुटलेलीच आहे. तो हसला नाही. "पव्हूक येता मा तुमका? म्हणजे पोहायला? एकट्या जातास म्हणून इचारतंय." आणि इथे मी, जी पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवत आले, ती म्हणाले, "माझ्या वडिलांनी अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंय." वाक्य खरं होतं. त्याने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं, आणि मी त्याला घेऊ दिलं.

खरंच होतं ना ते, बाबा. हायवेवरचं तुमचं पंक्चरचं दुकान, आणि त्याच्या मागे शेतात ती पायऱ्यांची विहीर. उन्हाळा लागला की दुपारी जीपगाड्या कमी व्हायच्या, आणि तुम्ही दुकानाला नुसतं पोतं लावून विहिरीवर जायचे. गावातली पोरं आधीच येऊन बसलेली. जीपची जुनी ट्यूब, ठिगळांवर ठिगळं असलेली, पंपाने फुगवून तपासायची, ओल्या हाताने बुडबुडे बघायचे. मग पोराच्या काखेतून ट्यूब घालायची, कमरेला दोर बांधायचा, आणि तो पायरीवर देवाचं नाव घेत थरथरत असतानाच मागून ढकलून द्यायचं. "हात मार बे. पाय हालव. पानी काई खात नाई तुले." पोरगं ओरडतं आहे, वरचे हसत आहेत, "अबे बेडकाची अवलाद हाये काय तू," आणि तुम्ही दोर हातात धरून शांत उभे आहात. चार दिवसांनी ट्यूबमधली हवा तुम्ही गुपचूप थोडी थोडी कमी करायचे. त्या पोराला वाटायचं ट्यूब तारते आहे. आठव्या दिवशी ती नुसती चपटी असायची, आणि तो तरंगत असायचा. मग तुम्ही ती काढून त्याला दाखवायचे. आज त्या गावात साठीच्या पुढचा जो कुणी पुरुष पाण्याला भीत नाही, तो तुमच्या त्या ट्यूबवर शिकलेला आहे.

मी काठावर बसायची. मे महिन्याच्या सुट्टीत अकोल्याहून आलेली, पांढरे मोजे घातलेली, मांडीवर त्या पोरांचे सदरे आणि चपला. कुणाचा सदरा कुठला ते मला पाठ होतं. तुमची ती विहीर मी कपडे सांभाळत बघितली. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, शाळेतल्या बायकांना डबे खाताना सांगितलं. बाप गावाचा मास्तर, आणि पोटची पोर कोरडी. सगळ्या बायका मान हलवायच्या. प्रत्येकीकडे असं काहीतरी असतंच.

तर मी निघाले. लाइफ जॅकेट घातलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात. त्याने रस्ता सांगितला: किनारा डाव्या हाताला ठेवायचा, पहिलं काळं खडप, म्हणजे पाण्यात घुसलेला खडक, ओलांडायचं, पुढे वाळूची एक छोटी पुळण लागेल, तिथून मागे फिरायचं. "ओहोटी लागायच्या आत येवा. तिथला पाणी लगेच जाता." मी मान डोलावली. ओहोटी मला काय नवीन होती का? आठवीला सिस्टरांनी चंद्राची आकृती काढून घेतली होती, माझी आकृती भिंतीवर लावली होती. पुढे तीच आकृती मी फळ्यावर किती वर्षं काढली.

पहिली दहा मिनिटं होडी गोल फिरली. मग हात जुळला. एक पातं इकडे, एक तिकडे, आणि खालून पाण्याचा थपथप आवाज. लाल मातीची दरड, वर काजूची झाडं, आणि दरडीच्या पायाशी पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसते. मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी झाली होती. कुणी काही ओरडत असेल तर ते मला ऐकू येत नव्हतं. बाबा, ही एवढी पंचवीस मिनिटं मला मिळाली. ती मी कुणाला देणार नाही.

खडप ओलांडून त्या पुळणीला लागले. होडी ओल्या वाळूवर ओढून ठेवली, नाक वाळूत, बूड पाण्यात, आणि दरडीच्या सावलीत जाऊन बसले. तिथे कुणीच नव्हतं. मी पाय पसरले, पदर नव्हताच, पंजाबी ड्रेस होता, तो गुडघ्यापर्यंत वर घेतला. किती वेळ बसले कोण जाणे. आपल्याकडचं पाणी कसं जातं ते तुम्हाला माहीत आहे. विहिरीची सहावी पायरी उघडी पडली की मे संपत आला म्हणायचं. एक पायरी उतरायला पंधरा दिवस लागतात पाण्याला. तलाव आटतो तोही पाटलाला विचारून आटल्यासारखा. पाणी जिथे ठेवलं तिथे ते राहतं, हे माझ्या हाडांत बसलेलं आहे, चंद्राच्या आकृतीने ते निघालेलं नाही. मी उठले तेव्हा होडी कोरड्यात पडली होती, आणि पाणी तिच्यापासून चाळीस-पन्नास पावलं लांब गेलं होतं. मधे नुसता चिखल, आणि त्यात उघडे पडलेले, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले खडक, सुरीसारखे.

मी ओढून पाहिली. हातभर सरकली. पुन्हा ओढली, तर माझाच पाय पोटरीपर्यंत आत गेला, आणि चप्पल चिखलात राहिली. दुसरा पाय कालवावर पडून कापला. राग कसा येतो ते मी तुम्हाला काय सांगू. भीती नव्हती, कुणी बुडत नव्हतं, पाणीच नव्हतं बुडायला. एकसष्ट वर्षांत एकदा एकटी निघाले, आणि मला पाण्याने तिथेच बसवून ठेवलं. फोनला रेंज होती. मी लावला नाही. लावला असता तर पहिलं वाक्य काय आलं असतं ते मला माहीत होतं. तास गेला. कोळ्यांची एक होडी लांबून गेली, त्यातल्या माणसाने हात केला, मीही केला, जणू मी मुद्दामच तिथे बसले आहे.

शेवटी तो भाड्यावाला आपली इंजिनाची होडी घेऊन आला. लांब पाण्यात नांगर टाकला आणि चिखलातून पाय नेमके कुठे ठेवायचे ते ठाऊक असल्यासारखा चालत आला. "काय बाई, घर बांधलास की काय हय?" मग माझा पाय पाहिला. कयाक त्याने एकट्याने ओढत नेली. मला म्हणाला, माझ्या पावलांवर पावलं टाका. पाण्याशी आल्यावर मी कयाकमध्ये बसले, वल्हं हातात घेतलं. तो म्हणाला, आता वारा उलटा आहे, तुम्हाला जमायचं नाही. आणि त्याने माझ्या कयाकच्या नाकाला दोर बांधला. मी नको म्हटलं. तो बांधत राहिला. मग दोर ताणला, आणि वल्हं मांडीवर आडवं घेऊन मी त्याच्या मागून ओढली जात परत आले.

वाटेत इंजिनाच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "तुमचे वडील शिकवायचे मा? मग पवत येवचा. अर्ध्या वाटेर पाणी होता."

मी म्हटलं, "मला नाही शिकवलं."

"काय?"

"मला नाही शिकवलं त्यांनी."

त्याने इंजिन हळू केलं आणि वळून पाहिलं. "पव्हूक येवक नाय, आणि तुमी एकट्या इलास? माझ्या धंद्याक कुलूप लावतलास काय?" तो खरोखर चिडला होता, आणि त्याचं बरोबर होतं. मग नरम होऊन म्हणाला, "गावाक शिकवल्यानी, आणि पोटच्या चेडवाक नाय? कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. तेव्हाच्या काळी मुलींना कुठे शिकवायचे, असं मी म्हणते, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच पटतं. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही.

किनाऱ्यावर तुमचा नातू उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. सून कुणाला तरी फोनवर सांगत होती, सापडल्या, सापडल्या. तो एवढंच म्हणाला, "झालं समाधान?" आणि मग रात्री जेवताना, "आई, मला शब्द दे. पुन्हा असं करायचं नाही." मी माशाचे काटे काढत बसले. शब्द दिला नाही, नाहीही म्हटलं नाही. परत वाशिमला येईपर्यंत तो माझ्याशी जपून बोलत होता, आजारी माणसाशी बोलतात तसं. मला ते त्या दोरापेक्षा जास्त लागलं.

आता स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. पायाची पट्टी काल सुटली. शेलूबाजारला तुमच्या दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे, विहीर बुजवली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. त्या भाड्यावाल्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत आहे.

मी बारा वर्षांची होते. पोरं आपापले सदरे घेऊन गेली होती. विहिरीवर आपण दोघंच, तुम्ही पायरीवर कमरेइतक्या पाण्यात, ट्यूब बाजूला तरंगते आहे. तुम्ही वर पाहिलंत. "येतं काय वं माय पान्यात? कोनी नाई आता. मी धरतो तुले." तुमच्या बोटांना कायम रबराच्या सोल्युशनचा वास यायचा, नखं काळी. त्याच सुट्टीच्या आधी वसतिगृहात माझ्या स्लिपरला तुम्ही लावलेलं ट्यूबचं ठिगळ मुलींनी हातोहात फिरवून पाहिलं होतं. मी म्हटलं, "छी. सिस्टर म्हणतात विहिरीचं पाणी घाण असतं." सिस्टर असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. तुम्ही "बरं" म्हणालात, ट्यूब उचललीत, आणि आपण घरी आलो. वाटेत तुम्ही मला ऊस घेऊन दिला.

पण बाबा, त्या पोरांना तुम्ही कधी विचारलं नव्हतं. ती रडत असायची, नको नको म्हणायची, आणि तुम्ही त्यांना ढकलून द्यायचे. मला तेवढं विचारलंत. तेही एकदाच, आणि मी नको म्हटलं ते खरं धरलंत.