बर्फातलं गवत

प्रिय ताई,

फोन सोडून ही माझी ठेंगू बहीण पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला ते अर्धवट सोडून चालणार नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मधे उठू नकोस.

तू माझं काम विचारतेस आणि मी 'गवताला रंग देते' म्हटलं की खो खो हसतेस. पण ते अगदी तसंच आहे गं. आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात सगळं ठोकळ्यांचं. माती, दगड, झाडं, सगळं रचून घरं बांधायची. त्यातलं गवत आम्ही करडंच बनवतो आणि खेळणारा ते जिथे ठेवेल तिथल्या हवेप्रमाणे त्यावर रंग चढतो. वाळवंटात पिवळट, दाट जंगलात गर्द हिरवा, दलदलीत शेवाळी. ठोकळा तोच, जागा बदलली की दिसतो वेगळा. कुठे कोणता रंग चढेल हे मी ठरवते. म्हणजे, ठरवायचे.

मध्यंतरी बर्फाच्या प्रदेशासाठी मी फिकट निळसर छटा बसवली. इतकी गोड वाटली की मी स्वतःवरच खूश. सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवली, तर आमची टेस्टर पोरगी म्हणाली, "अगं बाई, गवताला गंज चढलाय की काय!" सगळे हसले. मीही हसले, मला वाटलं ती फिरकी घेतेय. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा कळलं, त्यांना खरंच गंजाचा रंग दिसत होता.

आधी मॉनिटरला दोष दिला. मॉनिटर बदलून घेतला. मग झोप कमी झाली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नुसते रंगांचे आकडे बघून काम करायला लागले, कुणाला कळू नये म्हणून. आणि एका दुपारी ऑफिससमोरचा रस्ता ओलांडताना ऊन असं अंगावर आलं की समोरचं सगळं पांढरं झालं. रस्ता, गाड्या, माणसं, सगळंच पुसल्यासारखं. मी सिग्नलकडे बघत होते आणि कुठला दिवा लागलाय ते कळत नव्हतं. कानाशी हॉर्न वाजला, कुणीतरी दंड धरून मागे खेचलं. एक म्हातारे गृहस्थ होते. "पोरी, डोळे कुठेत तुझे?" म्हणाले. मी फुटपाथवर बसून रडले ताई, लोक बघत होते तरी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत चकत्या दिल्या आणि छटांच्या क्रमानं लावायला सांगितल्या. मी झटपट लावल्या. हेच तर माझं काम! बाईंनी चकत्या उलटून मागचे आकडे दाखवले, क्रम पार चुकला होता. मग बऱ्याच तपासण्या झाल्या. डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी हळूहळू मरताहेत म्हणे. औषध नाही. आधी रंग जातात, उजेड सोसत नाही, मग समोरचं अक्षर, समोरचा चेहरा अंधूक होत जातो. पूर्ण अंधार बहुधा होणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं. आता रोज उठले की आधी पांघरुणाचा रंग बघते. काल तो हिरवा वाटला, आज खात्री नाही. आरशात तर बघवतच नाही.

साहेबांना सांगून टाकलंय. रंगांचं काम त्या टेस्टर पोरीकडे गेलं, मी सध्या ठोकळ्यांचे आकार बघते. पोरगी चांगली आहे, मला विचारून विचारून करते.

पण बाईंनी शेवटी एक प्रश्न विचारला. "घरात आणखी कुणाला असा त्रास?" मी नाही म्हणून मान हलवली, आणि हलवता हलवता मला बाबा आठवले. भर दुपारी पडदे ओढून बसायचे, घरातही टोपी घालायचे, म्हणून आपण त्यांना घुबड म्हणायचो. तुझ्या लग्नात एक मोजा निळा न् एक चॉकलेटी घालून मिरवले. आणि एक दिवस गुडघ्यांचं निमित्त काढून स्कूटर कायमची विकून टाकली. गुडघे धडधाकट होते त्यांचे. किती घाबरले असतील गं, आणि एकटेच. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजार बापाकडून आला असेल, तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी.

आता ऐक. रविवारी फोनवर तू हसत हसत म्हणालीस की दुपारच्या फेरीला शाळेच्या बसची समोरची काच पांढरीफेक दिसते, पुढच्या गाडीच्या मागे अंदाजानं चालवतेस. तू हसलीस आणि मला दरदरून घाम फुटला. तुझ्या मागे शाळेची पोरं बसलेली असतात, ताई. कदाचित ते नुसतं ऊनच असेल. देव करो नि तसंच असो, मग मला जन्मभर चिडव. पण तपासणी होईपर्यंत बस काढू नकोस. इकडे आलेले भावोजी आज माझ्याकडे मुक्काम करून उद्या पहाटेच निघताहेत, हे त्यांच्याच हाती देतेय, म्हणजे तू शाळेला निघायच्या आत तुला मिळेल. बाईंची वेळ घेऊन ठेवलीय, मी सोबत बसेन. माझ्यावर ओरड, रागाव, बोलू नकोस हवं तर. फक्त हे वाचून झाल्यावर बसमध्ये चढू नकोस.

तुझीच घाबरलेली,
ठेंगू