बेडरूमच्या खांबाची तपासणी

४ नोव्हें.
देशमाने आज हसले. सोसायटीचे सेक्रेटरी एरवी मी जिन्यात दिसले की मोबाईल बघतात. "काकू, ऑडिटचा रिपोर्ट आला. आपली बिल्डिंग धोकादायक निघाली बरं का." बरं का! मुहूर्त निघाल्यासारखं.
चाळीस वर्षं उभी आहे. आत्ताच कशी निघाली? गेल्या महिन्यात बिल्डरची पांढरी गाडी दोनदा आमच्या गेटात होती. गॅलरीतून पाहिलीय.

६ नोव्हें.
रिपोर्ट मागितला. दे. म्हणाले, "इंग्रजीत आहे, काकू." म्हटलं, "कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढलीत. मराठीच जरा कच्चं आहे माझं." मग दिलं, पण शेवटचं एकच पान. निष्कर्ष. बाकीची पानं कुठे? म्हणे झेरॉक्सला.
अनूला खराडीला फोन. "आई, लिफ्ट नाही, तुझे गुडघे गेलेत, नवीन फ्लॅट मिळतोय. प्रॉब्लेम काय आहे नक्की?" दे.चा हिला आधीच फोन गेला असेल का? विचारलं नाही.

८ नोव्हें.
खाली लतीफभाईंकडे चहा. मार्केट यार्डातला फळांचा गाळा आता मुलाकडे आहे, त्यामुळे दिवसभर घरीच. त्यांनाही इथून हलायचं नाही. तपासणीवाले आले तेव्हा ते जिन्यात होते. "खांबाला एक नळी लावायची, टक् व्हायचं, आकडा लिहायचा. पण ताई, लावत होते प्लास्टरवर! आतलं काँक्रीट उघडं केलंच नाही. कलिंगड काय टोपलीवरून वाजवून बघतात?"
सापडलं. आकडे कमी येणारच.
हे असते तर पहिल्याच टक्-ला ओरडले असते. या बिल्डिंगचा स्लॅब ओतला त्या दिवशी सगळे सभासद उन्हात उभे, आणि हे माल बघायला घमेल्या-घमेल्यात डोकावतायत. मुकादम म्हणाला होता, "साहेब, आमटी न्हाय शिजत हितं." मी कामकऱ्यांना पेढे वाटले. अनू पोटात, चौथा महिना. पेढ्याच्या वासानं मळमळत होतं, तरी सगळे वाटून मगच बसले. ही भिंत धोकादायक म्हणतात. हिच्यावर अनूच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा

(पुढे लिहवलं नाही.)

१६ नोव्हें.
सभा, पार्किंगमध्ये. उभी राहिले, प्लास्टरचं बोलले. दे. म्हणाले, "काकू, पुढच्या ऑडिटचं काम आपणच घ्या." हशा. पाटील वहिनी सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मी म्हटलं, "घेईन. आधी पूर्ण रिपोर्ट दाखवा."
त्यांनी पिशवीतून काढून लगेच दिला. इतक्या सहज?
पान नऊ. 'पुढील सभासदांनी घरातील प्लास्टर काढण्यास परवानगी नाकारली. सबब चाचणी प्लास्टरवरूनच घेतली असून हे आकडे ढोबळ समजावेत.' खाली सोळापैकी चौदा सह्या. पहिली माझी. सिस्टरनी गिरवून घेतलेली वळणदार सही, शेजारी माझ्याच अक्षरात, 'दिवाळीचा रंग नुकताच दिला आहे. भिंतीला हात लावू नये.'
दे.नी वाचून दाखवलं नाही. पान फक्त माझ्यापुढे सरकवलं. मेहेरबानी की काय, कळलं नाही. खाली बसले.

१७ नोव्हें.
आठवलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ छिन्नी-हातोडा घेऊन दारात. मी करंजीच्या पिठाच्या हातांनी सही केली आणि दार लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.
लतीफभाई मान खाली घालून म्हणाले, "ताई, माझी पण आहे. घरात पाहुणे होते, मी म्हटलं नंतर या."
पण एक आहे. ऐन दिवाळीच्या आठवड्यात पुण्यात कोण भिंत फोडू देईल? दे. इथेच वाढलेले. त्यांना माहीत नव्हतं? तारीख कोणी ठरवली? हे कुठल्याच पानावर नाही. मी सगळी उलटून पाहिली.

१९ नोव्हें.
पुन्हा सभा. फेरतपासणी मंजूर. इंजिनिअर दुसऱ्या, इनामदार बाई. दे. म्हणाले, "सुरुवात कोणाकडून?" पाटील वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे नको, टाइल्स महाग आहेत." म्हटलं, माझ्याकडून. बेडरूमचा खांब.

२४ नोव्हें.
फोडला. पलंगावर जुनी चादर टाकली होती, तरी उशीपर्यंत ढलप्या. आतली सळई गंजून फुगलेली, पापुद्रे सुटलेले. इनामदार बाईंनी फोटो काढले, पुन्हा काढले. "काय आहे?" "लॅबचा आकडा येऊ द्या, मावशी." मग मशीननं खांबातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढला. पेल्याएवढा. एका बाजूला खळगा. खडी आहे, मधे सिमेंटच नाही.
तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. वरच्या चिठ्ठीवर मी सही केली. दे. म्हणाले, "द्या, उद्या लॅबमध्ये मीच पोचवतो." "नको," म्हटलं. पिशवी रात्री माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

२५ नोव्हें.
लतीफभाई आणि मी, रिक्षानं. स्वारगेटला अर्धा तास अडकलो. तुकडा मांडीवर. पिशवीवरूनही खळगा लागत होता, अंगठा बरोबर बसत होता त्यात. सगळा रस्ता तसाच ठेवला.
"ताई, पक्का निघाला तर?"
"तर देशमान्यांचं बघते."
"आणि कच्चा निघाला तर?"
मी रिक्षावाल्याला म्हटलं, डावीकडून घ्या.
लॅबमधल्या बाईंनी चिठ्ठी बघितली, पोच दिली. आकडा शुक्रवारी.
घरी आल्यावर गादी उचलून हॉलमध्ये टाकली. अनूचा फोन आला, "हॉलमध्ये का झोपतेस?" म्हटलं, बेडरूममध्ये धूळ फार झालीय.